कागद वाळू द्या!

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. ब्रश रोज धुतला तरी केसांच्या मुळाशी थोडा रंग राहतोच, आणि सहा महिन्यांनी बघावं तर तिथं हा एवढा गड्डा! किस्स्यांचंही तसंच. मी औरंगाबादच्या एका चित्रकला महाविद्यालयात उभी हयात शिकवलं, चित्रं काढली, पुस्तकं बांधली. लिहिली नाहीत हां, बांधली! कागद, छपाई, शिवण, सगळं हातानं. पण मंडळी जमली की माझ्या चित्रांबद्दल कुणी विचारत नाही. "ते कादरी सरांचं सांगा ना," एवढंच!

कादरी सर म्हणजे आमचे अक्षरलेखनाचे शिक्षक. घरात उर्दू, वर्गात मराठी, आणि राग आला की दोन्ही. आवाज कधी चढायचा नाही, पण त्यांनी 'बेटा' म्हटलं की पोरं ताठ बसायची.

करमाडचा लक्ष्मण रोज बसनं यायचा-जायचा. शेवटच्या तासाला त्याचं अर्धं लक्ष घड्याळाकडं. एकदा त्यानं 'क'ची अख्खी ओळ काढली, सगळे पुढं झुकलेले. सरांनी कागद हातात घेतला, दूर धरला, जवळ आणला.

"बेटा, हे क पडतायत का पळतायत?"

"सर, बस चुकंल म्हणून घाईत काढले."

"अच्छा! मग असं कर, यांनाही बसमध्ये घेऊन जा. आज रात्री तुमच्याकडं मुक्काम करू दे. उद्या सगळे सरळ उभे राहून परत या!"

दुसऱ्या दिवशी लक्ष्मण आला तो एक नाही, चार कागद भरून. एकही क झुकलेला नाही. सर म्हणाले, "करमाडची हवा मानवली वाटतं!"

*

माझं पहिलं प्रदर्शन क्रांती चौकाजवळच्या एका हॉलमध्ये झालं, ऐन मे महिन्यात. मे का? तर तेव्हाच हॉल रिकामा मिळाला. रिकामा का होता, ते पहिल्या दिवशी दुपारी कळलं. चौकात डांबर वितळत होतं आणि हॉलमध्ये मी, माझी चित्रं आणि एक कूलर!

तीनच्या सुमाराला एक पांढऱ्या दाढीचे चाचा आले. खुर्ची ओढली आणि एका मोठ्या निळ्या चित्रासमोर बसले. तासभर हलले नाहीत. मी लांबून बघतेय, छाती फुगतेय. वाटलं, झालं! चित्र पोचलं! शेवटी न राहवून गेले.

"चाचा, चित्र आवडलं?"

"तस्वीर? नहीं बेटी. कूलर की हवा इधरइच आती."

कादरी सर मागं उभे होते. त्यांनी फक्त रुमाल काढून तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी चाचा पुन्हा आले. खुर्ची उचलली आणि थेट पलीकडच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. तिथं वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. मी म्हटलं, "चाचा, कूलर तिकडं आहे!"

"मालूम है," ते घाम पुसत म्हणाले. "लेकिन ये वाली कल देखने की रह गई थी."

त्यानंतर बऱ्याच मोठ्या हॉलमध्ये प्रदर्शनं केली, एसी असलेल्या. असा प्रेक्षक काही पुन्हा भेटला नाही.

*

वर्गात मी एकदा फार जोशात बोलून गेले, "घाबरू नका रे, चित्र कधी चुकत नसतं!"

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग बाई, मार्क कशाचे कापता?"

"चित्र चुकत नाही रे, तू चुकतोस!"

*

दौलताबादजवळ कागजीपुऱ्यात हातकागद बनवतात. एका वर्षी मी सगळा वर्ग तिथं घेऊन गेले. पोरं अशी काही पेटली की परत आल्यावर म्हणाली, आपणही करू! कॉलेजच्या मागं टाकी केली, चिंध्या भिजवल्या, लगदा कुटला. ओले ताव वाळवायचे कुठं? कागजीपुऱ्यात पाहिलं होतं तसं, भिंतीवर! कॉलेजची पुढची भिंत नुकतीच चुना देऊन गुळगुळीत झाली होती. सकाळी पोरांनी सगळे ताव ओळीनं तिथं चिकटवून दिले.

नेमके प्राचार्य गेटातून आत आले. ते दिवस आंदोलनांचे होते. आठवड्याला कुठलं तरी कॉलेज बंद पडायचं. भिंतभर कागद बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी आणि कादरी सर व्हरांड्यात होतो.

"कादरी! हे काय? कसला संप? कुणी पुकारला?"

सर काही बोलायच्या आत प्राचार्य चष्मा सावरत भिंतीपाशी पोचले. पहिला कागद बघितला, दुसरा बघितला. "यावर काहीच कसं लिहिलेलं नाही? मागण्या काय आहेत यांच्या?"

कादरी सर अत्यंत अदबीनं म्हणाले, "मागण्या अजून ठरल्या नाहीत सर. आधी कागद वाळू द्या!"

*

त्याच कागदावर मी माझं पहिलं मोठं पुस्तक केलं. गोदाकाठची एक अख्खी सकाळ, लाकडी ठशांनी छापलेली. कागदाला कागद जोडून एकच लांबलचक पट्टी, आणि तिची पंख्यासारखी घडी. उलगडलं की व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! मुंबईत त्याला बक्षीस मिळालं तेव्हा ठरवलं, एक प्रत आपल्या कॉलेजच्या लायब्ररीत हवी.

आमचे ग्रंथपाल शिस्तीचे. पुस्तक आडवंतिडवं फिरवून म्हणाले, "लेखक?"

"मीच."

"मजकूर कुठाय?"

"मजकूर नाही. चित्रंच आहेत."

"हरकत नाही. पानं किती?"

"एक."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, एका पानाचं पुस्तक नसतं. त्याला कागद म्हणतात!"

मग मी टेबलावरून उलगडायला सुरुवात केली. टेबल संपलं, जमिनीवर उतरले, मासिकांच्या रॅकला वळसा घातला, दारातून बाहेर पडले. अभ्यास करणारी पोरं पाय वर घेऊन बसली. ग्रंथपाल एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. तिथूनच ते ओरडले, "बस्स बस्स! नोंदवतो!"

आजही ती नोंद आहे. पुस्तक: एक. पान: एक. आणि पुस्तकाची स्थिती काय, या रकान्यात त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय, 'ठिकठिकाणी घड्या पडलेल्या.'

*

मानवाकृतीच्या वर्गासाठी एकदा जुन्या शहरातल्या तालमीतले गणपत पैलवान मॉडेल म्हणून आले. साठी उलटलेली, पण मिशीचा पीळ कायम. मला हवी होती सैल, विसावलेली बैठक. पैलवान विसावायला तयार नाहीत! पोरांनी मान वर केली की छाती पुढं.

"पैलवान, जरा सैल बसा."

"बाई, सैल बसलेला पैलवान मेलेला असतो!"

अर्ध्या तासानं चहाची सुट्टी झाली. पैलवानांनी फिरून सगळी चित्रं पाहिली. छातीच छाती! गडी खूश. फिरत फिरत गंगापूरकडच्या संगीताच्या ईझलपाशी आले. तिनं काढलं होतं ते कुणी बघत नसतानाचं रूप: खांदे उतरलेले, हात मांडीवर पडलेले, नजर खिडकीबाहेर. पैलवानांचा मिशीवरचा हात खाली आला.

मग हळूच तिला म्हणाले, "हे तालमीतल्या पोरांना दावू नगंस." दारापर्यंत गेले आणि परत आले. "पुरं झालं की घरी आणून दे. आमच्या मंडळीला वळखू येईल."

*

आता संगीताचा विषय निघालाच आहे तर ते सांगते. आधीच सांगून टाकते, की पोरगी पुढं पूर्ण शिकली आणि आज स्वतः शिकवते. नाहीतर तुम्ही उगाच काळजी करत ऐकाल!

शेवटच्या वर्षाचं वार्षिक प्रदर्शन लागलं होतं. सकाळीच संगीताचे वडील, रंगनाथराव, जीप घेऊन दारात. कापसा-उसाची चांगली शेती असलेला, कमी बोलणारा माणूस. संगीताला स्थळ आलं होतं आणि त्या लोकांना कॉलेजात जाऊन चित्रं काढणारी सून नको होती.

"बाई, पोरगी न्यायला आलोय. शिकली तेवढं लई झालं."

संगीता खांबाला टेकून उभी. डोळ्यांत पाणी नाही, पण ओठ घट्ट. कादरी सर पुढं झाले.

"न्या की पाटील, तुमचीच मुलगी. पण आलाच आहात तर तिचं काम बघून जा. चहा येईपर्यंत."

रंगनाथराव हॉलमध्ये शिरले, चित्रांवरून नुसती नजर टाकत. मधल्या टेबलावर संगीतानं बांधलेलं पुस्तक होतं. कापडाचं. खळ देऊन कडक केलेली पांढरी पानं, त्यांवर त्यांच्याच शेताची बारा महिन्यांची छापचित्रं, आणि प्रत्येक पानाच्या कडेनं लाल काठ गेलेला, बांधासारखा. त्यांनी हात सदऱ्याला पुसले. पान उलटलं. काठावरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं, तिथं बारीक रफू होतं.

"आगं... हे माझं धोतर हाय!"

सगळा हॉल वळला.

"व्हय, आबा," संगीता म्हणाली.

"माझं ठेवणीतलं धोतर! तुझी आई तर म्हनली परटानं हरवलं!"

"आईनंच दिलं."

"आगं, त्या परटाशी म्या दिवाळीपासनं बोललो नाय!"

हॉल हसला. कादरी सर भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. रंगनाथराव मात्र हसले नाहीत. त्यांनी पुढचं पान उलटलं.

"ही बाभळ... ही तर म्या तोडली."

"तोडायच्या आधीची हाय, आबा."

पानं उलटत गेली. पेरणी आली, निंदणी आली, वेचणी आली. शेवटचं पान झालं आणि त्यांनी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून उघडलं. चहा आला, निवला.

तेवढ्यात मुंबईहून आलेले एक पाहुणे टेबलापाशी आले. मोठे संग्राहक, अशा पुस्तकांचे शौकीन. पुस्तक रंगनाथरावांच्या हातात, म्हणून त्यांनाच म्हणाले, "वा! फारच सुंदर. हे मला माझ्या संग्रहाला हवंय. आपलंच आहे का?"

रंगनाथरावांनी पुस्तक मिटलं. टेबलावर ठेवलं. वरचा काठ तळहातानं सारखा केला.

"धोतर माझं हाय," ते म्हणाले. "पुस्तक तिचं हाय. तिला इचारा."