गवती चहाचं तेल आणि माझी चूक

चामोर्शीच्या आठवडी बाजारात मी वांगी निवडत होते, तेवढ्यात कौसल्येच्या सुनेचा, ज्योतीचा फोन आला. "बाई, आई गेल्या. अंगणात बसल्या होत्या, बसल्या जागी कलंडल्या, तं उठल्याच नाई." मी निवडलेली वांगी टोपलीत परत टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागले. 

कौसल्येच्या गावात मी बावीस वर्षं आरोग्यसेविका होते. सगळं गाव मला बाई म्हणायचं, कौसल्याही तेच म्हणायची. पण माझ्याशी भांडायचा हक्क फक्त तिने घेतला होता. अंगाने काडी, जिभेने विळा. भाताच्या रोवणीला बांधीत, म्हणजे चिखलाच्या खाचरात, उतरली की तिच्या मागे वीस बाया रांगेने रोवत सरकायच्या. पंचेचाळिशीत तिची बोटं सुजली, सकाळी मूठ मिटेना, आणि मग थायरॉईडही निघालं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी समजावलं, की शरीर स्वतःलाच परकं समजून त्रास देतंय. बाहेर येऊन ती मला म्हणते, "माह्याच अंगाचं म्या काय घोडं मारलं जी? हात गेले तं मी कोनाच्या हातानं जेवू?" तिला एवढंच हवं होतं: पुन्हा बांधीत उतरायचं आणि आपल्या हाताने जेवायचं.

डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या, पण नुसत्या गोळ्यांवर विसंबेल ती कौसल्या कसली! बचत गटाच्या भट्टीवर गवती चहाचं तेल निघायचं. त्याचे चार थेंब मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलात घालून ती सकाळ-संध्याकाळ एकेक बोट चोळायची. खाण्याचंही तसंच. एका वेळी एकच पदार्थ पंधरा दिवस बंद. फरक पडला तर कायमचा सोडायचा, नाही तर पुन्हा ताटात. वांगं सुटलं, चहा सुटला, तळलेलं सुटलं. लग्नाच्या पंगतीत स्वतःचा डबा उघडून बसायची, यजमानीण रुसली तरी. मी चिडवायचे, "कौसल्ये, आता हवा खाऊन राहशील काय?" पण सकाळी तिची मूठ लवकर मिटू लागली होती, हे मला दिसत होतं. ती मात्र बढाई मारत नसे. "तेलानं दुखनं निजते बाई, मरत नाई," म्हणायची.

थायरॉईडचं काही केल्या जमेना. डोस दोनदा वाढला, तरी अंग जड, आवाज घोगरा, पायऱ्या चढताना धाप. दोन रोवण्या तिने शेताच्या कडेला धुऱ्यावर बसून पाहिल्या, आणि तिला तशी बसलेली पाहणं मला सहन होत नसे. तिसऱ्या वर्षी मी तिच्यासोबत चंद्रपूरला गेले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "गोळी घेता कशी?"

"भाकर खाऊन. वरोऱ्याहून भाऊ सोयाबीन धाडते, त्याचं पीठ जवारीत घालतो. ताकद येते म्हनून."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ही गोळी उपाशीपोटी घ्यायची, तासभर काही खायचं नाही, आणि सोयाबीन तर तिच्या जवळपासही नको. गोळी अंगाला लागणार कशी? "जेवून घ्यायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी सांगितलं होतं. दुखण्याच्या गोळीने पोटात आग पडते म्हणून गावातल्या प्रत्येकाला मी एकच पाढा म्हणायचे: गोळी कुठलीही असो, आधी दोन घास खा. तोंडात बसलेलं वाक्य होतं ते. चिठ्ठीवर काय लिहिलंय, हे मी वाचलंसुद्धा नव्हतं.

"कोनी नाई," कौसल्या म्हणाली. "माह्याच मनानं."

परतीच्या बसमध्ये मी रडायला लागले, तर माझ्यावरच डाफरली. "गप ऱ्हा. उद्या गावात हे गेलं तं लेकराईले सुया कोन टोचू देईन? तुमाले नोकरी आहे तवापर्यंत तोंड उघडू नोका." मी तोंड उघडलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ती बांधीत उतरली. चार ओळीच रोवल्या, बोटं वाकडीच होती, पण उतरली. गावात मात्र ती स्वतःच सांगत फिरायची, "मी येडी, भाकरीसंग गोळी खात होती."

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तोंड उघडायला कोणाचीच आडकाठी नव्हती, तरी लाज वाटायची. तेरवीला बाया तोच किस्सा आठवून हसत-रडत होत्या, आणि मी पुन्हा गप्प बसले. त्याचा मला इतका राग आला, की आठवड्याने मी उठून परत तिच्या अंगणात गेले. ज्योती आणि पाच-सहा बाया भट्टीसाठी गवती चहा कापत होत्या. बसायच्या आधीच मी बोलले, "ती येडी नव्हती. गोळी जेवून घे, असं तिला मी सांगितलं होतं."

विळे थांबले. कोणी माझ्याकडे पाहीना. मी निघायला वळले, तेव्हा कडेला बसलेली वंदना म्हणाली, "बाई, मलेबी तीच गोळी लागली हाये. मंग आता नीट सांगून जा, कवा घ्याची?"

मी तिची चिठ्ठी मागितली. ती आणायला वंदना घराकडे पळाली, आणि मी कौसल्येच्या अंगणात चष्मा पुसत उभी राहिले.