माहेरचा चमचा

जायकवाडीच्या पाण्यावर भेटलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. गढूळ पाण्यात माशाला चकचकीत स्टीलच दिसतं, म्हणून त्यानं बायकोच्या माहेरच्या चमच्याला दोन्ही टोकांना भोकं पाडून गळ बांधला होता.

तेवढ्यात मरळ लागली. मरळ कसली, रेडकूच! अख्खं धरण आमच्याकडं सरकलं, दोरा तुटायच्या बेतात आला.

"मासा सोडू नका!" मी बोंबललो.

"मासा मरू द्या हो! चमचा आला पायजे!"

तो छातीभर पाण्यात शिरला. मरळ सटकली, पण चमचा हाती राहिला. त्यानं तो सदऱ्याला तीनतीनदा पुसला.

"पण ही भोकं घरी दिसणार नाहीत?"

"दिसली कवाच. तवापासून बायको माझी आमटी ह्याच चमच्यानं वाढती. हरवला, तर वाढायचीच नाय."