परत घेतलेलं ‘तू’

माझे वडील लुडगर ओव्हरबेक यांना पोलाद कळायचं, माणसं अजिबात नाही. जर्मनीतल्या रूर भागात एका पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर उमेदवारी, मग शिकून इंजिनिअर, १९०९ साली डायरेक्टर. चरित्र एवढंच. उरते ती योसेफ क्लासची गोष्ट.

क्लास भट्टीवरचा मुकादम. तरुणपणी दोघांनी कोपरात कोपर अडकवून पेला रिकामा केला होता. असा पेला प्यायला की ‘अहो’ संपतं आणि मरेपर्यंत ‘अरे’. ते परत घेणं म्हणजे थोबाडीत मारण्यापेक्षा वाईट.

वडील डायरेक्टर झाले आणि पहिल्याच आठवड्यात क्लास पाहुण्यांदेखत ओरडला, “लुडगर, सरक बाजूला! नवी विजार जाळून घेशील!”

पाहुणे हसले. वडील म्हणाले, “डायरेक्टर साहेब म्हणायचं, क्लास. तुम्हीसुद्धा.”

“जी, डायरेक्टर साहेब.”

त्यानंतर त्याच्या तोंडून ‘तू’ निघालं नाही.

काही वर्षांनी क्रेन मोडली, उकळतं पोलाद सांडलं, दोन माणसं गेली. त्याआधी वडिलांनी मालकाला भट्टीपाशी बजावलं होतं, “क्रेन बंद ठेवू या.” मालक म्हणाला होता, “आधी ऑर्डर पुरी करा.” हे ऐकणारा तिसरा माणूस फक्त क्लास. चौकशी लागली तेव्हा मालकाने साफ कानांवर हात ठेवले.

वडील ब्रँडीची बाटली घेऊन क्लासकडे निघाले. मी हट्टाने सोबत गेले.

“योसेफ, पुन्हा एकदा पिऊ या.”

क्लासची बायको ट्रुडे बटाटे सोलत होती. मेलेल्यांपैकी एक तिचा भाऊ. “त्याला पुरलं तेव्हा नाही आलात,” ती म्हणाली. “आज साक्षीदार हवाय, तर बाटली घेऊन आलात होय!”

“गप गं,” क्लास म्हणाला. “बसा, साहेब. पेला नको. हल्ली पोटात जळजळतं.”

चौकशीत त्याला विचारलं, मालक आणि डायरेक्टर काय बोलले?

“मोठ्यांचं बोलणं आम्ही ऐकत नसतो. साहेबांनीच शिस्त लावलीय.”

दोन्ही मृत्यू वडिलांच्या माथी बसले, नोकरी गेली. गावात अजून म्हणतात, क्लासने चांगली जिरवली. कसली डोंबलाची! बायकोच्या भावाला मारणारा मालक त्याने आपल्या हाताने मोकळा सोडला.

वडील मात्र येईल त्याला विचारत, “दोन शब्द बोलायला त्याचं काय जात होतं?”

एकदा मी वैतागून म्हटलं, “बाबा, त्याचं तोंड तूच बंद केलंस.”

त्यांनी ताट सरकवलं आणि उठून गेले. पुढे कित्येक महिने मीठ हवं असलं तरी ते आईकरवी मागत.