एक जूनची जुळी

मी आणि माझा थोरला भाऊ कागदावर जुळे आहोत. दोघांचीही जन्मतारीख एक जून. मुलीला एकटीला शाळेत पाठवणार नाही म्हणून घरचे अडून बसले होते. गुरुजींनी माझं वय दोन वर्षांनी वाढवलं आणि मला भावाच्या शेजारी पहिलीत बसवलं. तो सातवीनंतर शेतात गेला. मी धुळ्याला कृषी पदवी घेतली. आमच्या घरातली पहिली.

पदवीनंतर जळगावच्या ठिबकच्या कारखान्यात लागले. वर्षभरात केनियाच्या कामासाठी विचारणा झाली. मी बावीसची, पण स्थळांना दाखवायच्या कागदावर चोवीस. माझे वडील, आबा म्हणाले, "आधी लगीन." तेहतिसाव्या वर्षी पुन्हा संधी आली, तेव्हा मुलगी लहान होती आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दोन्ही वेळा मी कुणाशी भांडले नाही.

आता मुलगी कॉलेजात आहे. नवरा म्हणतो, "तू ठरव, मी मागून येतो." म्हणून ऑस्ट्रेलियातल्या नोकरीच्या व्हिसासाठी एजंटकडे गेले. त्याने दाखला पाहिला. "मॅडम, पंचेचाळीसच्या आत अर्ज लागतो. तुमची जूनमध्येच झाली."

"मी त्रेचाळीसची आहे."

"कागद तसं म्हणत नाही ना."

ग्रामपंचायतीत माझी खरी नोंद निघाली. त्या काळच्या गुरुजींनी लिहून दिलं, तर तारीख दुरुस्तीचा प्रयत्न करता येईल, असं एजंट म्हणाला. मी मजकूर टाइप करून घेतला आणि रविवारी धुळ्याकडच्या आमच्या गावी गेले. गुरुजींकडे भाऊ सोबत आला.

गुरुजी ओट्यावर शेंगा सोलत होते. सगळं ऐकून स्वतःकडे बोट दाखवत हसले. "म्हणजे मन्हामुये तू म्हतारी व्हयनी का वं?"

"मीबी," भाऊ म्हणाला. "पण माले कोनी इमानमा बसाडत नही."

गुरुजींनी चष्मा लावून कागद मोठ्याने वाचला. 'सदर विद्यार्थिनीचे वय नोंदवताना माझ्याकडून चूक झाली.' 'चूक'पाशी ते जरा थांबले. मग हात धोतराला पुसला. "सही कोठे करनी शे?"

माझ्यासाठी त्यांनी केलेल्या सर्वांत मोठ्या कामाला मी त्यांच्याकडूनच चूक म्हणवून घेत होते, आणि ते माझ्या भल्यासाठी तेही करायला तयार होते. मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या, गुरुजी."

"अवं, माले काय फरक पडस? मी करस सही."

"नको."

ही कृतज्ञताच होती, असं मी घरी सांगितलं. पूर्ण खरं नाही ते. ओट्यावर बसल्या बसल्या माझ्या मनात आलं होतं, की ऑस्ट्रेलियात कामाच्या पहिल्या दिवशी वीस-बावीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभं राहून पुन्हा सगळं विचारत सुटायचं. बाविसाव्या वर्षी ते मी हसत केलं असतं. आता ते नको वाटलं. जायचं नाही याला एक चांगलं कारण हवं होतं, ते गुरुजींच्या ओट्यावर मिळालं.

भावाने मोटरसायकलवर स्टँडवर सोडलं. "जाशी का मंग?"

"नही."

त्याने गाडी बाजूला लावली. बस लागली तेव्हा माझी पिशवी वर देत म्हणाला, "माले वाटनं, तू तरी जाशी."