सासूबाईंचं 'नको' आणि डच पुस्तकं

आमच्या घरात एक डच माणूस राहतो. जेवत नाही, भांडी घासत नाही, पण प्रत्येक गोष्टीत त्याचं मत असतं. म्हणजे तो स्वतः नाही, त्याची पुस्तकं राहतात.

पहिलं पुस्तक माझ्या नवऱ्याने ॲमस्टरडॅमला विमान बदलताना घेतलं. वेळ जात नव्हता म्हणे. लेखक मानसशास्त्रज्ञ, साध्या वाचकांसाठी लिहिणारा. मागच्या कव्हरवर सायकलला टेकून असा हसतोय, की याला आयुष्यात चुलत सासरे कधी भेटलेच नसावेत. मग त्याचंच दुसरं आलं, तिसरं आलं. इथे आयर्लंडमध्ये, मलिंगारच्या दमट हवेत कागद फुगतो म्हणून ती सगळी आता हॉट प्रेसमध्ये आहेत, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात. तिथे माझे टॉवेल वाळायचे. ते आता जिन्याच्या कठड्यावर असतात आणि वाळत नाहीत.

पुस्तकांचं सार मला तोंडपाठ आहे, कारण ते मला सकाळच्या चहाबरोबर मिळतं. हवं ते सरळ सांगा. समोरच्याच्या मनात काय आहे याचे अंदाज बांधत बसू नका, विचारा. आणि तो नाही म्हणाला तर नाही समजा, त्यातच त्याचा मान आहे. खोटं कशाला बोलू, पहिलं पुस्तक मीही वाचलं आणि मला आवडलं. ऑफिसच्या मीटिंगांमध्ये त्याचा उपयोगही झाला. पण ते ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांच्या घरी वर्ध्याहून आई येत नाहीत.

सासरे गेल्या वर्षी गेले. त्यानंतर सासूबाई वर्ध्याच्या घरात एकट्याच. या वर्षी सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, व्हिसा तीन महिन्यांचा. पहिल्याच सकाळी नवऱ्याने विचारलं, "आई, टोस्ट खाणार?"

"नको रे बाबू. मले भूक नाही."

"ओके," म्हणाला आणि टोस्टर बंद करून हॉस्पिटलला गेला.

सासूबाई टोस्टरकडे बघत बसल्या. माझा कॉल सुरू होता. कॉल संपवून मी खाली आले तेव्हा त्या बॅगेतून आणलेला चिवडा उभ्याउभ्या खात होत्या, मला बघून त्यांनी डबा पदराआड केला. मी पोहे केले, "नको नको" ऐकत ताटलीत वाढले, त्यांनी दोनदा घेतले.

संध्याकाळी मी नवऱ्याला झापलं. तो म्हणाला, "तिला हवं असतं तर ती सांगेल ना. आपण तिच्या नाहीचा आदर करायला हवा." आता याला काय म्हणावं. हा माणूस त्याच घरात वाढलाय. लग्नानंतर आम्ही नातेवाइकांकडे जेवायला हिंडलो, तेव्हा प्रत्येक ठिकाणी "बस, बस, आता नको" म्हणत याने ताटावर आडवा हात धरला आणि बोटांच्या फटीतून जिलब्या पडू दिल्या. तेव्हा कोणी त्याच्या नाहीचा आदर केला असता तर तो उपाशी परत आला असता आणि वर्षभर त्या घराला नावं ठेवली असती.

थोडा दोष त्याच्या धंद्याचाही आहे. तो भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या आधी पेशंटला विचारायचं: सकाळपासून काही खाल्लं? कशाची ॲलर्जी? पेशंट नाही म्हणाला की पुढे जायचं. तिथे ते बरोबरच आहे. आई टेबलावर झोपलेली नव्हती, टेबलाशी बसलेली होती, एवढाच फरक त्याच्या लक्षात येत नव्हता.

शेजारी एक आयरिश आजीबाई राहतात, त्याही एकट्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी आम्हा दोघींना चहाला बोलावलं. सफरचंदाचा टार्ट कापून त्यांनी सासूबाईंपुढे धरला. सासूबाई म्हणाल्या, "नो, नो, थँक्यू." आजीबाई म्हणाल्या, "अ, गो ऑन." सासूबाई पुन्हा नो. "छोटासा तुकडा, गो ऑन." सासूबाईंनी मान तिरकी करून नो म्हटलं, आणि आजीबाईंनी काही न विचारता टार्ट बशीत ठेवला. मग सासूबाईंनी घरून नेलेला पोळीचा डबा उघडला आणि पुढे केला. आजीबाई म्हणाल्या, "नो, आय'म ग्रँड." सासूबाई माझ्याकडे वळल्या. "पोट भरलं म्हनते का?" मी सांगितलं, तसंच काहीसं. "मग वाढ तिले," म्हणाल्या आणि स्वतःच वाढली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि त्यांचं काहीही अडलं नाही.

हे मी घरी येऊन सांगितलं. नवऱ्याला ते फार गोड वाटलं. गोड वाटण्यापलीकडे त्याचं काही झालं नाही.

मग ऑक्टोबर लागता लागता सासूबाई एकदा सहज बोलून गेल्या, "तुम्ही दोघं कामाचे. माह्यासाठी काऊन अडून राहता? जाईन मी दिवाळीच्या आधी." हे बोलायचं वाक्य असतं. याला उत्तर असतं, "काही बोलू नकोस, कुठे जात नाहीस तू." माझा नवरा मात्र त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसला. शांत आवाजात, डोळ्यांत बघून म्हणाला, "आई, पूर्ण तीन महिने राहायचंय की लवकर जायचंय? मनात असेल ते सांग. मला दोन्ही चालेल."

मला दोन्ही चालेल. वर्षभरापूर्वी नवरा गेलेल्या बाईला तिचा एकुलता एक मुलगा हे सांगतो. सासूबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "जाते मी." त्याने रात्रीच तिकीट अलीकडचं करून घेतलं आणि मला म्हणाला, "बघ, किती क्लीन कॉन्व्हर्सेशन झालं."

माझं डोकं फिरलं. मी त्याला मागच्या अंगणात नेऊन कुंड्या दाखवल्या. सासूबाईंनी त्यांत मेथी पेरली होती आणि थंडीने मरू नये म्हणून रोज संध्याकाळी कुंड्या आत आणत होत्या. दोन आठवड्यांत निघणारी बाई मेथी पेरेल का? तो म्हणाला, "तू तिच्या मनातलं गेस करतेस. दॅट्स नॉट फेअर टू हर." मग मी सासूबाईंकडे गेले. आई, राहा ना, म्हटलं, दोनदा, तीनदा, हात धरून. त्या म्हणाल्या, "तू म्हनशीनच माय. पन त्यानं तिकीट काढलं ना." आणि बॅग भरायला घेतली. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला, त्या सायकलवाल्याचा.

निघायच्या दोन दिवस आधी शेजारच्या आजीबाई निरोप द्यायला आल्या. नवरा घरीच होता, चहा तोच करत होता. आजीबाईंनी सासूबाईंचा हात हातात घेतला. "यू'र नॉट गोइंग, आर यू? स्टे."

"नो, नो," सासूबाई म्हणाल्या. "सन, वर्क. आय गो."

"अ, स्टे. स्टे टिल ख्रिसमस."

"नो."

"गो ऑन. स्टे."

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग त्यांना येत होती तेवढ्या इंग्रजीत म्हणाल्या, "आय लाइक स्टे. व्हेरी लाइक." आणि त्यांचे डोळे वाहायला लागले.

नवरा किटली हातात धरून उभा. "आई, पण मी विचारलं होतं ना तुला. तू जाते म्हणालीस."

सासूबाईंनी डोळे पुसले. आवाजात राग नव्हता. "तुनं एकडावच तं विचारलं, बाबू."

तो किटली खाली ठेवून बाहेर गेला आणि बराच वेळ त्या मेथीच्या कुंड्यांपाशी उभा राहिला. आत आला तेव्हा फोन कानाला होता, एअरलाइनशी बोलत होता. फोन ठेवल्यावर आईशेजारी बसला आणि म्हणाला, "कुठे जायचं नाही." त्या म्हणाल्या, "अरे, तुम्हाले त्रास." तो म्हणाला, "कुठे जायचं नाही म्हटलं ना."

रात्री वाढायला तोच उभा राहिला. आईला पोळी विचारली, त्या नको म्हणाल्या. पुन्हा विचारली, पुन्हा नको. तिसऱ्यांदा न विचारता त्याने पोळी ताटात टाकली, वर तूप सोडलं. सासूबाई तक्रार करत करत जेवल्या. त्याच्या चेहऱ्यावर परीक्षा पास झाल्याचं समाधान होतं.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुला?"

दिवसभराची मी दमलेली, भूक मरणाची लागलेली. मी म्हटलं, "नको."

"ओके," म्हणाला, आणि डब्याचं झाकण लावलं.