पाच मिनिटांची सुट्टी

माझी लेक धड जेवते तरी का, ही काळजी डोक्यातून जात नाही. ती घरीच दातांच्या कवळ्या बनवते. कामात लक्ष लागावं म्हणून गजर लावते: पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी. काम दुपटीने वाढलं, हे खरं. पण आता जेवण, अंघोळ, आई, सगळं त्या पाच मिनिटांत.

"आई, पटकन बोल," फोनवर म्हणते.

"अगं, मी काय गिऱ्हाईक आहे?" म्हटलं की हसते.

आज मात्र तिला रडू फुटलं आणि तेवढ्यात गजर झाला. "उरलेलं पुढच्या सुट्टीत रडते गं," म्हणाली आणि फोन ठेवला. पुढच्या सुट्टीत फोन आलाच नाही. कामाच्या वेळात फोन करू नकोस, असं तिने बजावलंय. रागावली तर रागावू दे. मी आत्ताच लावते.