खुर्दादचा ठिपका

बीडच्या कचेरीबाहेर चटई टाकून मी वीस वर्षं अर्जनवीस म्हणून लोकांचे अर्ज आणि किरायानामे लिहिले, आणि माझ्या लिखाणापायी त्या वीस वर्षांत फक्त एकच कुटुंब रस्त्यावर आलं. ते माझं.

त्या काळी निजामाचं राज्य होतं. घरात चैत्र-वैशाख चालायचे आणि कचेरीत खुर्दाद, तीर, अमरदाद असे सरकारी महिने, म्हणजे साधारण आपले वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. दोन्हीकडचे महिने तोंडपाठ असलेला माणूस म्हणून मला बाजारात मान होता. (निदान मला तसं वाटायचं.) उर्दू तर मी इतकी झपाझप लिहायचो, की कागदाला टाक टेकतोय की नाही हेसुद्धा समोरच्याला कळायचं नाही. पुढं पुढं कागदावर काय उमटलंय तेही कळेनासं झालं. पण ती तक्रार वाचणाऱ्यांची, माझी नव्हे!

आम्ही राहत होतो विश्वनाथअप्पांच्या घरात. अप्पांचं कापडाचं दुकान होतं, कपाळाला भस्म, बोलणं मऊ. तीन वर्षांचा किरायानामा मीच लिहिलेला. एक नक्कल त्यांच्याकडं, एक माझ्याकडं. तिसरं वर्ष संपत आलं तेव्हा आमच्या हिनं, म्हणजे सरस्वतीनं, हातातल्या पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या.

"ह्या मोडा, पन आता सवताचं घर बघा. दुसऱ्याच्या भितीला खिळा मारायचा तर ईचारावं लागतंय."

घर लगेच सापडलं. पाटोद्याकडचे एक बापू बीडमधलं घर विकून शेतावर राहायला जाणार होते. मात्र लेक बाळंतपणाला आलेली, म्हणून त्यांना अमरदादच्या अखेरपर्यंत मुदत हवी होती. मी पेटीतून किरायानामा काढला. महिन्याच्या नावाचं सुरुवातीचं अक्षर मलाच लागेना, शेवटचं 'दाद' तेवढं स्पष्ट होतं. वर एक काळा ठिपका. माशीनं घाण केलेली दिसतेय, असं म्हणून मी तो नखानं खरवडून टाकला आणि निर्धास्तपणे वाचलं: अमरदाद! बापूंचा अमरदाद, माझाही अमरदाद! सकाळी इथून निघायचं, दुपारी तिथं जेवायचं. एका दिवसाचा किराया जादा नाही, एक दिवस उघड्यावर नाही. मी पाटल्या मोडल्या, बापूंच्या घराचा कागद लिहिला आणि स्वतःवर इतका खूश झालो, की त्या दिवशी दोनदा जेवलो.

सरस्वती मात्र कपाळाला आठी घालून बसली.

"अवो, आपून ह्या घरात आलो तवा पैल्याच आठवड्यात म्या माळवदावर कुरडया घातल्या व्हत्या. आन् तुमी म्हंता आखाडात आलो. आखाडात कुरडया कोन घालतंय?"

"कागद खोटं बोलतो का?"

"कागद न्हाई बोलत. लिवनारा बोलतो."

बायकांना कुरडयांशिवाय दुसरं पंचांग माहीत नसतं, असं मी म्हणालो. (हे वाक्य मी पुढं आयुष्यभर ऐकलं, तिच्या तोंडून, माझ्या आवाजाची नक्कल करून.)

अप्पा मधूनमधून दुकानातून हाक मारून विचारायचे, "भाऊराव, झाली का तयारी?"

"झाली, अप्पा!"

"बगा बरं का, नंतर घाई नको."

"कसली घाई? सगळं ठरल्यासारखं!"

दोघंही आनंदात. दोघांच्या आनंदात दोन महिन्यांचं अंतर आहे, हे एकालाही माहीत नाही.

ऐन वैशाखातली सकाळ. सरस्वती वर माळवदावर कुरडया घालत होती, खाली चुलीवर भात होता, मी अंगणात दात घासत होतो. इतक्यात दारात दोन बैलगाड्या थांबल्या. पहिलीतून मिशीवाले एक जमादार उतरले, माजलगावहून बदली होऊन आलेले. दुसरीतून त्यांची बायको, सहा गाठोडी, एक हंडा आणि एक शेळी.

"तुमी अजून हितंच कावून?" जमादारांनी विचारलं.

"आम्ही इथं राहतो," मी तोंडातल्या राखुंडीसह म्हणालो.

"आजपासून आमी ऱ्हातो. अप्पांनी किरायानं दिलंय."

मी त्यांना कायदा समजावून सांगू लागलो. कायद्याच्या पहिल्या वाक्यापर्यंत त्यांची गाठोडी ओसरीवर आली. दुसऱ्या वाक्याला जमादारीणबाईंनी आत जाऊन आमचा भात उतरवला आणि स्वतःचा हंडा चढवला. तिसरं वाक्य मी बोललोच नाही, कारण माळवदावरून सरस्वतीची किंकाळी आली. शेळी जिना चढून गेली होती आणि ओल्या कुरडयांच्या दुसऱ्या ओळीपर्यंत पोचली होती!

अप्पा आले, गल्ली आली. अप्पांनी त्यांची नक्कल दाखवली, मी माझी दाखवली. ते म्हणाले खुर्दाद, मी म्हणालो अमरदाद. दोन्ही कागद गल्लीभर फिरले. शेवटी कुणीतरी तोडगा काढला:

"आरं भांडता कावून? आर्जनवीसाकडं न्या की! त्यो वाचून सांगंल."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी चपला शोधू लागलो.

मग आमची वरात निघाली मदरशातल्या मौलवीसाहेबांकडं. पुढं अप्पा, मागं जमादार, मधे मी, एखाद्या चोराला न्यावं तसा. मौलवीसाहेबांनी चष्मा लावला, कागद सरळ धरला, उलटा धरला, उजेडाला धरला.

"ये किसने लिख्या, मियाँ? मुर्गी चलाए क्या कागज पर?"

मी छताच्या तुळया मोजू लागलो. अप्पांनी माझं नाव सांगितलं नाही. तो त्यांचा मोठेपणा!

"हां, दिख्या," मौलवीसाहेब अप्पांच्या नकलेवर बोट ठेवून म्हणाले. "ये बिंदी देखो. 'खे' पर बिंदी रहती. खुर्दाद हय. एकदम साफ बात." मग त्यांनी माझी नक्कल घेतली. "अरे, इसपे भी थी! किसी गधे ने नाखून से खुरच दी!"

जमादारांनी माझ्या नखांकडं पाहिलं.

त्या दस्तऐवजात 'दाद' एवढंच काय ते मला वाचता आलं होतं, आणि आता दाद मागायला जागा नव्हती. परत आलो तेव्हा सरस्वती दारातच उभी होती. माझ्या चेहऱ्यावरची उर्दू तिला बरोबर वाचता यायची. तिनं भांडी पोत्यात भरली आणि उरलेल्या कुरडया सुपात घेतल्या. अप्पांना वाईट वाटत होतं. "चार दिस ऱ्हावा माज्या दुकानामागं," ते म्हणाले. पण सरस्वती म्हणाली, "न्हाई अप्पा. आमचं घर हाय."

'आमचं घर हाय' हे ती इतक्या ताठ मानेनं म्हणाली, की मी उगाच पोत्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. पाटल्या नसलेल्या हातांनी तिनं देव्हारा मांडीवर घेतला होता आणि ती भाड्याच्या गाडीत बसून, भर उन्हात, आपल्या घराला निघाली होती. त्या घरात आत्ता शिरता येणार नाही, हे सांगायचं धाडस मला अर्ध्या वाटेपर्यंत झालं नाही. उरलेल्या अर्ध्या वाटेतही झालं नाही.

बापू दारातच भेटले, तोंडभर हसत.

"या, या भाऊराव! कसं कळलं तुमास्नी? परवाच नात झाली!"

आम्ही बारशाला आलोय असं त्यांना वाटलं. मागची गाडी, गाडीतलं जातं, पलंग आणि पाटा-वरवंटा पाहून त्यांचं हसू आटोपतं झालं.

"बापू, घर..." मी म्हणालो.

"घर तुमचंच हाय की! पन आमरदाद लांब हाय. आन् लेक बाळंतीन. सव्वा म्हयना तिला हलवता येत न्हाई. तुमीच लिवलंय समदं, कागदात."

खरंच मी लिहिलं होतं. आणि नेमकं तेवढंच स्वच्छ अक्षरात!

सरस्वती गाडीतून उतरली. मला वाटलं, आता ही रडणार. ती आत गेली, बाळंतिणीपाशी बसली, पोरीला बघून आली आणि बापूंना म्हणाली, "गोठा कुनीकडं हाय?"

असं आम्ही स्वतःच्या घरात राहायला गेलो, मागच्या दारानं. बापूंचे दोन बैल लिंबाखाली गेले आणि आम्ही त्यांच्या जागी. सरस्वतीनं शेणानं सारवलं, गव्हाणीत भांडी लावली, खुंटीला देव टांगले. बापू किराया घेईनात. पण कागद करू या म्हणाले, उद्या गैरसमज नको. मी उत्साहानं दौत उघडली. सरस्वतीनं ती झाकली.

"मौलवीसायबांकडून लिवून आना," ती म्हणाली.

मी गेलो. माझ्याच राहण्याचा कागद मी दुसऱ्याकडून पैसे मोजून लिहून घेतला. मौलवीसाहेबांनी लिहिलं, शाईवर वाळू टाकली आणि कागद माझ्या हातात देताना बजावलं, "बिंदीयाँ गिन के ले जाव."

बैलांपैकी पांढरा मात्र रोज संध्याकाळी सवयीनं आत यायचा, मला त्याच्या जागेवर बसलेलं पाहायचा आणि बराच वेळ हलायचा नाही. जमादारांपेक्षा सभ्य होता. पण मुद्दा तोच.

माझा धंदा बुडाला असं मी धरून चाललो होतो. बाजारात माझी नखं पाहिली की लोक कागद लपवायचे. आठ दिवस एकही गिऱ्हाईक आलं नाही. नवव्या दिवशी दुपारी पाटोद्याकडचा एक शेतकरी पत्ता विचारत विचारत गोठ्यापर्यंत आला. मी आत गव्हाणीला टेकून बसलो होतो. त्यानं बाहेरूनच आवाज दिला:

"आवं, हितं कुनी शानं मानूस हाय का? किरायानामा लिवायचाय."

मी पागोटं सावरलं. तोवर सरस्वतीनं भाकरी थापता थापता उत्तर दिलं:

"शानं कुनी न्हाई, बाबा. नुस्ते आर्जनवीस हायती."

"मग चालतंय," तो म्हणाला आणि वाकून आत आला.